लेखकांच्या पत्रांचं स्कॅनिंग : मेनरोडजवळचं दुकान

कुसुमाग्रजांच्या नाशकात एखाद्या दिवंगत लेखकाचा प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार स्कॅन करून घ्यायचा असेल, तर हे दुकान चालेल. फक्त सूचना लिहून द्या.

जमेची मोठी बाजू म्हणजे पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं काचेवर एकेक ठेवतात, फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या भागात, सरकवत नाहीत. घडीवर विरलेलं आंतरदेशीय तिथे हमखास फाटतं. पण सांगितलं नाही तर २०० डीपीआयवर (इंचामागे २०० ठिपके) उरकून मोकळे! शाईला किमान ३००, फिक्या पेन्सिलीला ६०० मागा आणि जपून ठेवायला बारकावे न गमावणारी टिफ फाइल घ्या; आकाराने लहान जेपीजी नुसती वाचायला. पोस्टकार्डाची पत्त्याची बाजू इथे सर्रास वगळली जाते. तारीख न घालणाऱ्या लेखकाच्या बाबतीत पोस्टाचा शिक्काच काय तो पुरावा, तेव्हा दोन्ही बाजू हव्यात. कार्बन प्रती पातळ असतात; पाठची अक्षरं उमटू नयेत म्हणून मागे काळा कागद ठेवायला लावा. टाचण्या घरीच काढा.

लॅमिनेशनचा आग्रह होतो, तो साफ नाकारा. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक कागदाला धक्का न लावता निघत नाही.

रॉयल्टीचे हिशेब वेगळ्या फोल्डरात ठेवा. छापलेल्या, विकलेल्या, शिल्लक प्रती ताडून पाहता येतात. करारनामा पूर्ण घ्या : १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिलेले मानतात. पत्रं छापायची असल्यास मात्र ती जवळ असणं पुरत नाही; मजकुराचा हक्क सहसा लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो.