'वाचणाऱ्याची रोजनिशी' : नऊ महिने उशाशी ठेवल्यानंतर

सतीश काळसेकरांचं हे पुस्तक मी जूनमधे घेतलं, आता फेब्रुवारी संपत आला, तरी ते उशाशीच आहे. २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, लोकवाङ्मय गृह प्रकाशनाचं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल, पण मी बडोद्यात वाढलेली, शाळा गुजराती मीडियमची, मराठी आलं ते घरातून आणि आजीच्या कपाटातून, त्यामुळे काळसेकर म्हणजे लिटल मॅगझिनवाले, म्हणजे छोट्या, बिनधंदेवाईक नियतकालिकांच्या चळवळीतले कवी एवढंच ऐकून होते.

सुरुवातीला मी चूक केली. कादंबरीसारखं चार दिवसांत वाचून काढलं आणि डोक्यात नुसती नावांची खिचडी झाली. अहो, वाचलेल्या पुस्तकांवर मासिकात सदर म्हणून लिहिलेली टिपणं आहेत ती, तशीच थांबत थांबत वाचायला हवीत. दिवाळीनंतर परत सुरू केलं, रात्री जेवणं आटोपली की झोपाळ्यावर बसून एकच टिपण, हातात पेन्सिल, आणि मग जी मजा यायला लागली! पुस्तकाला मार्क द्यायची घाई नाही, विद्वत्तेचा आव नाही, मित्राने चहा पिता पिता 'हे बघितलंस का' म्हणत पुस्तक पुढे सरकवावं तसं वाटतं. जी पुस्तकं मी कधीच वाचणार नाही त्यांच्याबद्दल वाचतानाही मला तेवढाच आनंद झाला, याचं खरंच नवल वाटतं.

त्यातल्या पुस्तकांची ४३ नावं वहीत उतरवली. इथे बडोद्यात मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत, ही मोठीच अडचण. म्हणून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले, बारा वर्षांनी! सयाजीराव महाराजांनी १९१० मधे अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभारायला घेतली, पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव फुकट पाठवायचे, हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते आपल्याही उपयोगाचं आहे हे मी विसरूनच गेले होते. तिथली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. मराठीच्या कपाटापाशी उभी होते आणि डोक्यावर कुणाच्या तरी चपलांची सावली हळूहळू सरकत गेली. एका पुस्तकात तारखांची चिठ्ठी, शेवटचा शिक्का १९९४ चा. तीसपेक्षा जास्त वर्षं ते कुणी घरी नेलं नव्हतं, मी नेलं.

यादीतली ११ तिथे मिळाली. घरी आई ७८ वर्षांची, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला रोजनिशीतलं एक टिपण मोठ्याने वाचून दाखवते. मधेच 'थांब, हे नाव परत सांग' म्हणते आणि मग तिच्या माहेरची लायब्ररी, तिथे लपवून वाचलेली पुस्तकं, तासभर तेच चालतं. टिपण अर्धंच राहतं.

ज्यांना भराभर वाचून संपवायची सवय आहे त्यांना हे जड जाईल, बाकी सगळ्यांनी घ्याच. जानेवारीत पुण्याला गेले तेव्हा अजून ६ मिळाली. उरलेल्या २६ ची यादी पर्समधेच असते.