दोन खांबी लिफ्ट आणि कॉम्प्रेसर घरी उतरवून घेतल्यावर वर्षभराचा अनुभव

घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलून धरणारी चार टनी दोन खांबी लिफ्ट आणि उभ्या टाकीचा मोठा हवेचा कॉम्प्रेसर बसवला, त्याला वर्ष होत आलं. दोन्ही यंत्रं नियमित कामात आहेत आणि दोन्हींवर मी समाधानी आहे. तरीही या अनुभवात सगळ्यात जास्त जागा मी ती ट्रकवरून खाली कशी आली, याला देणार आहे. कुठली लिफ्ट घ्यायची यावर लोक महिनोन्महिने खल करतात आणि ती उतरवायची कशी, हा प्रश्न ट्रक दारात उभा राहिल्यावर पडतो. वर्षभर वापरल्यावर माझं मत ठाम झालंय की उतरवायचं आधी ठरवावं, लिफ्ट मग निवडावी. खांबाला पोचा पडला आणि त्याच्या आतून वर-खाली सरकणारी कॅरेज तिथे अडकायला लागली, की लिफ्ट कितीही नावाजलेली असली तरी तिच्याखाली उभं राहायची हिंमत होत नाही.

कोटेशनमधलं वाहतुकीचं भाडं बहुतेक वेळा ट्रक दारात येईपर्यंतचंच असतं. उतरवणं घेणाऱ्याकडे. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी मी विक्रेत्याकडून प्रत्येक नगाची लांबी, रुंदी आणि वजन लेखी मागवलं. खांबांचा गठ्ठा जवळजवळ तीन मीटर लांब आणि सातशे किलोंच्या आसपास. आर्म, म्हणजे गाडीखाली जाणारे हात, आणि पॉवर युनिट, म्हणजे मोटर आणि तेलाचा पंप, यांची क्रेट वेगळी. कॉम्प्रेसर पॅलेटवर उभा. एवढे आकडे हातात आले की साधन ठरवणं सोपं जातं.

टेल लिफ्टवाला ट्रक पाठवतो, असं विक्रेता पहिल्यांदा म्हणाला. ट्रकच्या मागची ती खाली-वर होणारी फळी टनभर वजन सहज घेते, पण तिची खोली दीड-दोन मीटरच्या आसपास असते. तीन मीटरचा गठ्ठा तिच्यावर अर्धा बाहेर लोंबणार, आणि लोंबणारं लोखंड फळीवरून कधी घसरेल याचा नेम नसतो. मी उघड्या हौद्याचा, बाजूचे फाळके पडणारा ट्रक मागितला. कॉम्प्रेसर मात्र दुसऱ्या गाडीतून टेल लिफ्टनेच आला आणि त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

फोर्कलिफ्ट मिळत असेल आणि अंगण पक्कं असेल तर लांब गठ्ठ्याला बाजूने उचलणं सगळ्यात सुटसुटीत. माझ्याकडे दारापर्यंत खडी आहे. गोदामात वापरतात ती फोर्कलिफ्ट लहान कडक चाकांची असते, खडीत रुतते. म्हणून क्रेन बोलावली. क्रेनवाले काका आले तेव्हा त्यांनी आधी जमीन बघितली, खाली गटाराचं झाकण किंवा टाकी आहे का विचारलं, आणि क्रेनच्या टेकूच्या पायांखाली जाड लाकडी फळ्या टाकूनच ती लावली. वरून जाणारी वीजतार कुठे आहे, हेही त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. असा माणूस भेटला की निम्मं काम झालं समजा.

ओझं क्रेनच्या हुकाला लटकवायचे पट्टे बांधतानाची एक गोष्ट प्रत्येकाने डोळ्यांनी बघायला हवी. दोन पट्टे एका हुकात घातले की प्रत्येकावर निम्मं वजन येतं, असं वाटतं. तसं होत नाही. पट्टा जितका आडवा, तितका ताण जास्त. सातशे किलोंच्या ओझ्याला पट्टे जमिनीशी साठ अंशात असतील तर प्रत्येकावर चारशेच्या वर ताण येतो. तीस अंशात असतील तर प्रत्येकावर पुरे सातशे. त्यामुळे लांब पट्टे घ्यावेत आणि हुक उंच ठेवावा. विणलेल्या पॉलिस्टर पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत, जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. आम्ही हिरवे वापरले, आणि खांबाच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून मध्ये जाड रबर घातलं.

आता खरा प्रसंग. काकांनी पट्टे गठ्ठ्याच्या मापाने बरोबर मध्यावर धरून बांधले आणि गठ्ठा हौद्यापासून जेमतेम चार बोटं उचलला. लगेच एक टोक खाली गेलं. खांबाच्या बुडाला जाड बेसप्लेट असते आणि आतली कॅरेजही त्याच बाजूला होती, त्यामुळे वजनाचा मध्य आणि मापाचा मध्य एक नव्हते. काकांनी काही न बोलता गठ्ठा परत टेकवला, पट्टे बेसप्लेटच्या बाजूला हातभर सरकवले, पुन्हा चार बोटं उचलला आणि तसाच धरून ठेवला. तो समतोल राहिला, मगच हौद्याबाहेर आला. दोन टोकांना दोन दोऱ्या बांधल्या होत्या. गठ्ठा फिरू नये म्हणून आम्ही त्या लांबून धरल्या. ओझ्याला हात कोणी लावला नाही, खाली कोणी आलं नाही.

सहीबद्दलही सांगतो. गठ्ठा ट्रकवर असतानाच मी चारी बाजूंनी फोटो काढले. आर्मच्या क्रेटचा एक कोपरा फुटला होता आणि आतला एक आर्म फटीतून दिसत होता. ड्रायव्हरला घाई होती, ‘सही करा, मग निवांत बघा’ म्हणाला. मी पावतीवर ‘क्रेटचा पुढचा डावा कोपरा फुटलेला, आतल्या आर्मला मार’ असं लिहिलं, त्यालाही सही करायला लावली आणि मगच माझी केली. ‘तपासणीच्या अटीवर स्वीकारले’ अशा मोघम शेऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. काय मोडलंय, कुठे मोडलंय, ते लिहावं. आर्म बदलून मिळाला. वेळ लागला, पण वाद झाला नाही.

गॅरेजच्या छपराखाली क्रेन शिरणार नव्हती. तिने गठ्ठा दारात, आधीच मांडून ठेवलेल्या जाड पाइपांवर ठेवला. सगळे पाइप एकाच व्यासाचे हवेत, नाहीतर गठ्ठा तिरका चालतो. मागून सुटलेला पाइप पुढे आणून घालायचा, पहारीने ढकलायचं, पुन्हा तेच. उतार असेल तर मागून दोरी हवी आणि हातात पाचर तयार हवी. आमची फरशी सपाट असल्याने हे काम शांतपणे झालं.

सगळ्यात धोक्याचा टप्पा ट्रकवर नसतो, गठ्ठा सोडताना असतो. दोन्ही खांब एकावर एक ठेवून टोकांना लोखंडी चौकटीने बोल्ट केलेले असतात. ‘पोचली एकदाची’ म्हणून लोक पाना लावतात आणि शेवटचा बोल्ट सुटला की वरचा खांब घसरतो. वरच्या खांबाचं वजन आधी उचलून धरायचं, मग बोल्ट सोडायचे. आम्ही इंजिन होइस्ट, म्हणजे गाडीचं इंजिन उचलायची चाकांवरची छोटी क्रेन, वापरला. त्याच्यावर दोन टन लिहिलेलं असलं तरी ते दांडी पूर्ण आत असतानाचं. पूर्ण बाहेर काढली की क्षमता साधारण अर्ध्या टनावर येते. एका खांबाला तेवढी पुरली.

खांब उभा करायच्या आधी छताची उंची नीट मोजा. २.८५ मीटर उंचीचा आणि बुडाशी ४५ सेंटिमीटर रुंदीचा खांब उभा होताना मध्येच कोनात २.८८ मीटरच्या वर जातो. छत २.८७ असेल तर उभा राहिल्यावर मावणारा खांब उभाच राहणार नाही.

कॉम्प्रेसर वजनाने कमी, पण डोक्यात जड. मोटर आणि पंप वर, रिकामी टाकी खाली. पॅलेट ट्रकची, म्हणजे पॅलेट उचलून ओढायच्या हातगाडीची, लहान चाकं उंबऱ्यापाशी अडली की तो पुढे झुकतो. उंबऱ्यावर लोखंडी पत्रा टाकला आणि एका माणसाला फक्त टाकीकडे लक्ष ठेवायला उभं केलं. मोटरला किंवा बेल्टच्या जाळीला पट्टा बांधून कॉम्प्रेसर उचलू देऊ नका.

वापराबद्दल. जमिनीचं काँक्रीट मी लिफ्ट येण्याआधीच नव्याने ओतून पूर्ण २८ दिवस पक्कं होऊ दिलं होतं. खांब जमिनीला धरून ठेवणारे अँकर बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळले आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासले. काही बोल्ट थोडे फिरले, नंतर हलले नाहीत. सुरुवातीला गाडी वर जाताना दोन्ही खांबांचे लॉक, म्हणजे गाडी खाली येऊ नये म्हणून टप्प्याटप्प्याला अडकणारे खटके, एकदम वाजायचे. दोनेक महिन्यांत उजवीकडचा किंचित मागून वाजायला लागला. दोन्ही बाजू सारख्या वर नेणाऱ्या नव्या केबल वजनाखाली ताणतात, त्याचं हे लक्षण. माहितीपुस्तिकेप्रमाणे केबल सारख्या केल्यावर पुन्हा दोन्ही एकत्र वाजतात. आता मी गाडी चढवताना कान तिकडेच ठेवतो. पॉवर युनिटमधून तेल गळालेलं नाही. ट्रकमध्ये साखळीने घासून जिथे रंग उडाला होता तिथे पावसाळ्यात गंज दिसला. घासून प्रायमर मारला, पुन्हा आला नाही.

कॉम्प्रेसर पॅलेटवरून काढून रबरी पॅडवर बसवला आणि हवेच्या लाइनला लवचीक नळीने जोडला. पॅलेटवरच ठेवून चालवू नये, कंपनाने टाकीच्या पायांचे जोड तडकू शकतात. काम संपल्यावर टाकीतलं पाणी सोडतो. आवाज मोठा आहे, त्याला इलाज नाही.

लिफ्ट मी पुन्हा हीच घेईन. तक्रार एकच आणि ती मी कंपनीला कळवलीय: पुस्तिकेत बसवण्याची पानंच्या पानं आहेत, पण गठ्ठ्याचा वजनाचा मध्य कुठे आणि पट्टे कुठे बांधायचे, याचं चित्र नाही. गठ्ठ्यावर रंगाची एक रेघ मारून दिली तरी पुरे. आमच्या गठ्ठ्यावर नंतर मीच मोजलं होतं. मध्य बेसप्लेटपासून साधारण १.२ मीटरवर भरला. हीच रचना असलेला गठ्ठा तुमच्याकडे येणार असेल तर पहिला पट्टा त्या अंदाजाने बांधा, आणि तरीही आधी चार बोटंच उचला.