काबोला विमानाने जावे, की सॅन डिएगोहून बोटीने?

खोल समुद्रात गळाने मासेमारी करण्यासाठी आठ-दहा दिवसांची रजा काढायची ठरवली, की दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. विमानाने मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाच्या टोकाला, काबो सान लुकासला उतरावे आणि भाड्याच्या बोटीने रोज पहाटे निघून दुपारी परतावे, ही एक. सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भागातील धक्क्यावरून लाँग-रेंज, म्हणजे कित्येक दिवस दूरच्या समुद्रात राहणाऱ्या, बोटीत चढावे आणि आठ दिवसांनी थेट तिथेच उतरावे, ही दुसरी. काबोला मी दोनदा गेलो आहे आणि लाँग-रेंज बोटीवर तीनदा. एवढ्या अनुभवावर ठाम निकाल देणे धाडसाचे ठरेल, तरी निवड करणाऱ्याला उपयोगी पडेल असे काही सांगता येईल.

खर्चाचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. विमान, हॉटेल, चार-पाच दिवसांचे बोटभाडे आणि बक्षिशी यांची बेरीज केली, तेव्हा माझ्या बाबतीत दोन्ही आकडे फारसे दूर राहिले नाहीत. मेक्सिकोचा परवाना दोन्हीकडे लागतो आणि माणशी दिवसाला 10 मासे, त्यात एका जातीचे जास्तीत जास्त 5, ही तिथली मर्यादाही दोन्हीकडे सारखीच आहे.

काबोच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे समुद्रतळावरील खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात आपण मार्लिनच्या, म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीच्या मोठ्या माशाच्या, पाण्यात असतो. पट्टेरी मार्लिन हेच ज्यांचे स्वप्न आहे, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. सहकुटुंब जायचे असेल, बोट लागण्याचा त्रास असेल किंवा रात्री न हलणाऱ्या पलंगावर झोपायची सवय मोडवत नसेल, तर काबोच बरे. एखादा दिवस वाऱ्यात वाया गेला तरी संध्याकाळ आपली असते, ही सोय लहान नव्हे.

माझा अडथळा वेगळाच होता. तिथल्या बोटींवर बहुतेक वेळ ट्रोलिंग चालते, म्हणजे बोटीमागे चार-पाच कृत्रिम आमिषे ओढली जातात. मासा आमिषावर आला, की डेकहँड, म्हणजे बोटीवरचा मदतनीस, झेप घेऊन रॉड उचलतो, झटका देऊन गळ रुतवतो, मासा नीट लागल्याची खात्री करून घेतो आणि मग तो रॉड खुर्चीत बसलेल्या आपल्या हाती देतो. यात त्याची काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. नवशिक्या पाहुण्याने मासा घालवला, तर त्याचा दिवस फुकट जातो. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विनंती केली, त्याने हसून मान डोलावली आणि पुढच्या माशाला सवयीने पुन्हा तेच केले. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या इग्फाच्या नियमांनुसार मासा लागण्यापासून तो बोटीशी आणेपर्यंत रॉडला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. मला विक्रम करायचा नव्हता, परंतु लहानपणी मालवणच्या जेटीवर गरवताना दोरीला हिसका बसला आणि काकांनी ती माझ्या हातून घेतली, की मी दिवसभर फुगून बसत असे. तो स्वभाव पन्नाशीतही गेलेला नाही, हे मला काबोत कळले.

लाँग-रेंज बोटीवरही प्रवासात ट्रोलिंग असते, पण खरी मासेमारी बोट थांबवून जिवंत सार्डिनवर होते. ही सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची जवळची नातलग. बोट सॅन डिएगोच्या उपसागरातच तिच्या टाक्या भरून निघते. टाकीतून पाठ हिरवी, खवले शाबूत आणि नाक लाल न झालेली सार्डिन निवडणे, ती गळाला अलगद लावणे, रिळावर अंगठा ठेवून दोर मोकळा सोडणे आणि कुपा (टूना) ती घेऊन धावला, की किती वेळाने ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, लावायचा ते ठरवणे, ही सगळी जबाबदारी आपली असते. पुढे मासा नेईल तसे कठड्याच्या कडेने, इतरांच्या दोरांच्या वरून-खालून वाट काढत बोटीभोवती फिरावे लागते. डेकहँड सल्ला देतो, गुंता सोडवतो आणि शेवटी मासा वर ओढायला गॅफ, म्हणजे लांब दांड्याचा आकडा, मारतो. पहिल्या सफरीत बाहाच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या आलिहोसच्या खडकांपाशी पहिला संपूर्ण दिवस मी घाईने ड्रॅग लावून मासे घालवत होतो. शेजारी उभ्या असलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी संध्याकाळी एवढेच सुचवले, की मनात पाचपर्यंत मोजावे. दुसऱ्या सकाळी तसे मोजले आणि कुपा लागला. मोठा नव्हता, पण गळाला सार्डिन मी लावली होती आणि मोजलेही मीच होते.

या बोटींचे तोटेही सांगितले पाहिजेत. आलिहोस सॅन डिएगोपासून सुमारे साडेचारशे सागरी मैलांवर आहे. दहा नॉटच्या गतीने तिथे पोहोचायला जवळपास दोन दिवस लागतात आणि परतायलाही तेवढेच. म्हणजे आठ दिवसांतले निम्मे दिवस प्रवासातच जातात, आणि परतताना बहुधा वायव्येचा वारा तोंडावर असल्याने बोट चांगलीच आपटते. बंकची खोली अरुंद असते, डिझेलचा वास जात नाही. वीस-पंचवीस जणांनी एकाच वेळी गळ टाकले, की जो गुंता होतो, त्यावर सगळे हसतात, पण ज्याचा मासा त्यात सुटतो तो हसत नाही. मासे मात्र आपल्या क्रमांकाची खूण लावून थंड समुद्रपाण्याच्या तळघरात ठेवले जातात आणि उत्तम अवस्थेत घरी पोहोचतात. काबोहून विमानात नेता येईल तेवढेच आणता येते.

जाता-येतानाचे ते रिकामे दिवस मला आधी खटकत असत. आता त्या वेळात मी गाठी बांधतो, रिळांचा ड्रॅग वजनकाट्यावर तपासतो आणि भरपूर झोपतो. ज्याला हे जमण्यासारखे वाटत असेल, त्याने पहिली सफर सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान आणि शक्यतो कमी माणसे घेणाऱ्या बोटीवर घ्यावी, असे मी सुचवेन. सोळा दिवसांची मोठी सफर पहिल्याच वर्षी घेऊ नये. माझी पुढची नोंदणी ऑक्टोबरची आहे. पत्नी आणि मुले त्या आठवड्यात काबोला जाण्याचा विचार करीत आहेत.