भाड्याच्या ई-सायकली घेताना: बंद बॅटरी की काढती?

नगरपालिका, विद्यापीठ किंवा देवस्थान भाड्याने द्यायला ई-सायकली घेणार असेल, तर मुख्य निवड दोनांतली आहे. एकीची बॅटरी फ्रेममध्ये कायमची बंद, चार्जिंग स्टँडवरच. दुसरीची बॅटरी कर्मचारी काढतो आणि भरलेली बसवतो.

तोडफोड-चोरीचा विचार केला तर पहिली सरस. सगळ्यात महाग भाग कुणाच्या हाती लागत नाही आणि सायकल स्टँडला जखडलेली राहते. कुठेही सोडता येणाऱ्या सायकलींचा धंदा किती अवघड, हे फ्रान्समध्ये दिसलं: गोबी बाइक कंपनीने चोरी आणि मोडतोडीपायी फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथून गाशा गुंडाळला.

पण आपला मे महिना धरा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते. परभणी-नांदेडला सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. उन्हात तापलेल्या फ्रेममधली बॅटरी ४५ च्या पुढे गेली की तिची यंत्रणा चार्जिंग बंद करते. त्यात लाइट जाणं आहेच. काढती बॅटरी मात्र गार खोलीत, लाइट असेल तेव्हा भरता येते. म्हणून मराठवाड्यात मी काढतीच घेईन. अट एकच: कुलूप फ्रेमच्या आतलं हवं, बाहेर लटकलेली पेटी नको. ज्या कॅम्पसमध्ये दाट सावली आणि रात्रभर चार्जिंगची सोय आहे, तिथे बंद बॅटरीही चालेल.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे घ्या. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलपेक्षा जड, पण उष्णता जास्त सोसतात आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त देतात.

टायरचा प्रश्न वेड्या बाभळीच्या काट्यांनी अवघड केलाय. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण खड्ड्यांचे दणके थेट आऱ्यांना आणि फ्रेमला बसतात. गुळगुळीत कॅम्पस असेल तर तो ठीक. गावातल्या रस्त्यांवर जाड टायर आणि ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) बरं.

नट-बोल्टांबाबत विक्रेते सगळंच खास मापाचं देऊ पाहतात. चाकं, सीट, हँडल यांना खास डोक्याचे बोल्ट हवेतच. साध्या पान्याने खुलणारं चाक टिकत नाही. पण चेन, ब्रेक पॅड, ट्यूब बाजारात मिळणाऱ्याच मापाच्या मागा, नाहीतर एका पॅडसाठी सायकल महिनाभर पडून राहील. वायरी फ्रेमच्या आतून, बॅटरी किती उरली ते दाखवायला स्क्रीनऐवजी साधे दिवे. मोटर चाकातली घ्या, चेनवर तिचा ताण येत नाही.