‘मिनी’ ससे नव्हेत, आईखालची पिल्ले होती

बकरीच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय खिशात हात न घालणारा मी सशांच्या जोडीपायी ७,०८० रुपयांना बुडालो, हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो, कारण ती जोडी विकणारा माणूस आजही तीच छायाचित्रे टाकून पिल्ले विकत आहे.

दिवाळीत मुलीने ससे मागितले आणि कापसाचा पहिला वेचा नुकताच विकला गेला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या आसपास ससे विकणारे कोणी नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिरातीवरून नागपूरकडच्या एका विक्रेत्याला फोन केला. ‘मिनी जात आहे, अडीच महिन्यांचे आहेत, दोन्ही माद्या, तळहाताएवढेच राहतात,’ असे तो म्हणाला. जोडीचे ३,६०० रुपये ठरले. १,६०० फोनवरून आधी आणि २,००० रोख. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

जागा पाहायला येतो म्हटल्यावर त्याने सांगितले, ‘बाहेरच्या माणसाने रोग येतो भाऊ, तुम्ही फाट्यावरच या.’ तिथेच मी थांबायला हवे होते. जो आई दाखवत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, हे जनावरांत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागते का? फाट्यावर बुटांच्या खोक्यात दोन पिल्ले थरथरत होती, डोकी अंगाच्या मानाने मोठी होती आणि पुढे केलेल्या कोथिंबिरीला एकानेही तोंड लावले नाही. बकरीचे पिल्लू असते, तर ‘अजून आईखालचे आहे’ म्हणून मी तिथल्या तिथे परत दिले असते. पण ‘मिनी’ या एका शब्दापुढे माझी अक्कल गहाण पडली. शिवाय मुलीने खोके छातीशी धरले होते. ते तिच्या हातून काढून घेणे कोणत्या बापाला जमले असते, तेही सांगा.

चौथ्या दिवशी एकाला हगवण लागली, पाचव्या पहाटे ते गेले. यवतमाळच्या खासगी डॉक्टरांनी तपासणी आणि औषधांचे १,१५० रुपये घेऊन सांगितले, की पिल्ले जेमतेम चार आठवड्यांची असावीत. सशाच्या पिल्लाला सहा ते आठ आठवडे आईजवळ ठेवावे लागते, त्याआधी तोडून एकदम चारा बदलला, की आतडी साथ देत नाहीत. इतक्या लहान वयात नर-मादी खात्रीने ओळखणेही अवघड असते. उरलेल्याच्या नाकाजवळ नायटा होता, तो मुलीच्या मनगटावर आला. तिच्या मलमांचे ४८० आणि पिंजऱ्याचे १,८५० वेगळे.

तालुक्याच्या ठाण्यात गेलो, तर अंमलदाराने आधी मलाच विचारले, की रानससा तर पकडला नव्हता ना, आणि वनखात्याकडे पाठवले. तिथे सांगितले, पाळीव ससा आमच्या कक्षेत येत नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दवाखान्यात उत्तर मिळाले, की आम्ही उपचार करतो, तक्रारी घेत नाही, ठाण्यात जा. बावीस किलोमीटरच्या तीन फेऱ्या मारून मी पुन्हा त्याच टेबलापुढे उभा राहिलो, तेव्हा ‘सशासाठी गुन्हा नोंदवायचा का?’ म्हणून चार माणसे हसली. फसवणूक सशाची असो वा बैलाची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये जनावराच्या आकाराची अट कुठे आहे? शेवटी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. ती मिळायला अकरा दिवस लागले. तोंडी तक्रार करूच नका.

पाळण्यासाठी ससे, गिनीपिग किंवा हॅमस्टर विकणाऱ्याला पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीच्या २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पैसे देण्याआधी तो क्रमांक मागा. मी नंतर मागितला, तेव्हा त्याने मला ब्लॉक केले. फोनवरून रक्कम गेली असेल, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. मी दहा दिवस त्याच्या ‘दुसरे पिल्लू पाठवतो’ या शब्दावर विसंबून राहिलो.

तळहाताएवढीच राहणारी मादी म्हणून विकलेला उरलेला ससा नर निघाला, आज अडीच किलोंचा आहे, आणि त्या १,८५० रुपयांच्या पिंजऱ्यात मावत नाही म्हणून कापसाच्या खोलीत सुतळ्या कुरतडत हिंडतो.