गिम्प ३.०: एका लग्नसराईनंतर

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे करिझ्मा अल्बम आणि तेरवीसाठी जुन्या फोटोवरून नवा फोटो, ही मुख्य कामं. दोन्हींत निर्णय दुकानात होत नाही. नमुना घरी जातो, मोठी माणसं बघतात आणि मग फोन येतो, "भाऊ, पोरीचा चेहरा जास्तच गोरा करून टाकला ना बाप्पा." म्हणून मूळ फोटो शाबूत ठेवून काम करता येणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

गिम्प या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरच्या, मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने ते फार सोपं केलं. आधीच्या २.१० मध्ये फिल्टर लावून ओके दाबलं की पिक्सेल बदलूनच जायचे. आता बहुतेक फिल्टर लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्राच्या थरावर, वेगळे टिकतात. लेयरच्या ओळीतली एफएक्सची खूण दाबायची. फिल्टर तात्पुरता बंद करा, आकडे बदला, क्रम बदला. फक्त फिल्टर लावताना 'मर्ज फिल्टर'ची खूण काढलेली असू द्या.

खरा कस हळदीच्या फोटोंत लागतो. मंडपाच्या गुलाबी कापडातून एप्रिलचं ऊन झिरपतं आणि चेहरे गुलाबी पडतात. अख्खा फोटो दुरुस्त केला की हळदीचाही रंग बिघडतो. मी लेयरची प्रत काढतो, तिच्यावर कलर बॅलन्स लावून मॅजेंटा-ग्रीनची पट्टी हिरव्याकडे नेतो, मग काळा मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) जोडून फक्त चेहऱ्यांवर मऊ पांढरा ब्रश फिरवतो. पांढरं दाखवतं, काळं झाकतं, करडं अर्धवट ठेवतं. फोन आला की पट्टी थोडी मागे घेतो. रंगवलेला मास्क तसाच राहतो.

तेरवीच्या फोटोत इरेजर मी हातातच घेत नाही. गेलेल्या माणसाचा कित्येकदा तेवढा एकच फोटो उरलेला असतो. घोळक्यातून आजीला मास्कने वेगळं करतो, म्हणजे पदराची कड हवी तेव्हा परत आणता येते. भेगा बुजवायला वर रिकामा लेयर घेऊन क्लोन टूलमध्ये (एका जागेचा तुकडा दुसरीकडे उतरवणारं साधन) 'सॅम्पल मर्ज्ड' चालू करतो, म्हणजे खालच्या फोटोतून नमुना घेता येतो.

देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. टेक्स्ट टूलमध्येच अक्षरांना बाह्यरेषा देता येते आणि नंतर नाव बदललं तरी ती राहते.

फोटोशॉपसारखा ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या लेयरचा रंग-उजेड बदलणारा वेगळा थर) यात नाही. लेयर ग्रुप करून ग्रुपवर फिल्टर लावावा लागतो. बारा बाय छत्तीस इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला ३६०० × १०८०० पिक्सेलचं होतं. ८ जीबी रॅमवर तीन-चार फिल्टर चढले की माझा कॉम्प्युटर जड चालतो, म्हणून काम करताना ते फिल्टर बंद ठेवतो. फाईल आपोआप सेव्ह होत नाही, त्यामुळे लाईटचा भरवसा नसेल तिथे कंट्रोल-एसची सवय हवीच. लॅबला जेपीजी जातं, पण त्यात लेयर उरत नाहीत. लेयरसकट सेव्ह होणारी गिम्पची एक्ससीएफ फाईल जपून ठेवा. बारशाच्या बॅनरला लोक तोच लग्नाचा फोटो मागतात.