घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी स्पेलिंग: तीन अभ्यासक्रमांची तुलना

मराठी माध्यमातून शिकलेल्या पालकांना स्पेलिंग म्हटले की 'सी-ए-टी कॅट' ही घोकंपट्टी आठवते. घरी शिकणाऱ्या मुलासाठी अभ्यासक्रम निवडताना मात्र आधी त्याच्या वहीतील चुका पाहाव्यात. 'होपिंग'च्या जागी 'हॉपिंग' उमटत असेल किंवा 'बॅक'च्या शेवटी सी-के ऐवजी नुसता के येत असेल, तर मुलाला नियम ठाऊक नाही. परंतु 'टीचर', 'डॉक्टर' आणि 'डॉलर' या तिन्हींच्या शेवटी ई-आरच लिहिले जात असेल, तर नियमाचा उपयोग नाही, कारण कानाला तिन्ही शेवट सारखेच वाटतात; तिथे डोळ्यांना आणि हाताला सवय व्हावी लागते.

पहिल्या प्रकारच्या चुकांसाठी 'ऑल अबाउट स्पेलिंग' मला सर्वांत उजवा वाटतो. सात पातळ्यांचा हा अमेरिकी अभ्यासक्रम ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवर, म्हणजे ध्वनी आणि अक्षरे यांचे नाते पायरीपायरीने शिकवण्याच्या पद्धतीवर, उभा आहे. त्यात मूल अक्षरांच्या चकत्या मांडून शब्दातील ध्वनी सुटे करते, नियम एकेक करून शिकते आणि शिकवून झालेल्या शब्दांचेच श्रुतलेखन करते, त्यामुळे मागचे धडे आपोआप उजळले जातात. बाराखडीत वाढलेल्या मुलाला ध्वनी आणि अक्षर यांचे नाते नवे नसते. एकाच ध्वनीला इंग्रजीत अनेक रूपे असतात, एवढेच त्याला पचवायचे असते. अडचण वेळेची आहे. पालकाला रोज साधारण वीस मिनिटे मुलाजवळ बसावे लागते आणि दोन मुले वेगवेगळ्या पातळीवर असतील तर हा वेळ दुप्पट होतो.

'सिक्वेन्शियल स्पेलिंग' नियमांच्या वाटेला फारसा जात नाही. पहिल्या दिवशी 'पिन', मग 'पिन्स', 'पिन्ड', 'पिनिंग' अशी शब्दकुळे वाढत जातात; आधी पाठांतर नसते, पालक शब्द सांगतात, मूल लिहिते आणि प्रत्येक शब्द लगेच तपासून दुरुस्त करते. एका पातळीत 180 दिवसांचे पाठ आहेत. पालकाला तयारी जवळजवळ नसते. मात्र 'असेच का?' असे विचारत राहणाऱ्या मुलाला यात उत्तर मिळत नाही, आणि अशी मुले घरी शिकणाऱ्यांत बरीच भेटतात.

'स्पेलिंग पॉवर' हे एकच जाडजूड पुस्तक साधारण आठ वर्षांपुढील सगळ्या भावंडांना पुरते. नेहमी लागणारे सुमारे 5,000 शब्द त्यात आहेत, आधी चाचणी होते आणि चुकलेल्याच शब्दांचा सराव केला जातो. दुसऱ्या प्रकारच्या चुका करणाऱ्या, वाचन पक्के झालेल्या मुलासाठी मी हेच सुचवीन. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी नाही.

तिन्ही अभ्यासक्रम अमेरिकी असल्याने 'कलर' आणि 'सेंटर' यांची रूपे आपल्याकडील पाठ्यपुस्तकांशी जुळत नाहीत. अशा शब्दांची यादी भिंतीवर लावून काम भागते. उच्चारांचे तसे नाही: आपण 'हॉट' म्हणतो, तर अमेरिकी उच्चार 'हाट'कडे झुकतो, म्हणून ध्वनी ऐकवण्याचे काम ध्वनिफितीवर न सोडता पालकांनीच करावे. नियमही क्वचित बदलतो. शब्दाच्या शेवटच्या अवयवावर (सिलेबलवर) आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असेल तरच व्यंजन दुप्पट करावे, या नियमाने 'बिगिनिंग'मध्ये दोन एन येतात आणि 'ओपनिंग'मध्ये एकच. परंतु ब्रिटिश वळणाच्या 'ट्रॅव्हलिंग'मध्ये आघात पहिल्या अवयवावर असूनही दोन एल लिहिले जातात, आणि हा अपवाद तो धडा शिकवतानाच सांगावा लागतो.